कोरकूसाठी काम करणाऱ्या शिक्षकाला : कोंकणीच्या लढ्यातून आम्ही जे शिकलो

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातल्या, धारणी तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाचा प्रश्न असा आहे : "मी कोरकू आदिवासी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिलीतल्या मुलांना मराठी कळत नाही आणि कोरकूत शिकवायला माझ्या हातात पुस्तक नाही. आम्ही पंधरा-वीस जण भाषेसाठी धडपडतोय. सरकारं बदलतात, धोरणं बदलतात, निवडणुकीत आश्वासनं मिळतात. या बदलांचा आमच्यासारख्या लहान भाषेला खरंच उपयोग करून घेता येतो का? की आम्ही सरळ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्रानं मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, येण्यासाठी आंदोलन सुरू करावं?"

सर, उपयोग करून घेता येतो. मी पस्तीसेक वर्षं लहान भाषांच्या कामात आहे. सुरुवात गोव्यात कोंकणीच्या चळवळीत झाली, पुढे मध्य भारतातल्या भाषांचे शब्दसंग्रह, वाचनपाठ, शिक्षकांची शिबिरं यात आयुष्य गेलं. माझं घर कोंकणी, शाळा मराठी. दोन्ही भाषा माझ्या आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो ते कुणाला हरवल्याच्या आनंदात लिहीत नाही, एवढं गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी वाचकांनी समजून घ्यावं.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. राजकीय बदल तुमच्या भाषेसाठी येत नाही. तो विलीनीकरणासाठी येतो, नव्या राज्यासाठी येतो, एखाद्या शांतता करारासाठी येतो, नाहीतर कुणाचं तरी बहुमत गेल्यामुळे येतो. त्या धांदलीत भाषेची फाईल काही आठवडे टेबलावर उघडी राहते. ज्यांचा मसुदा तयार आहे, ज्यांनी आपसातले वाद मिटवलेत आणि ज्यांना सगळ्या पक्षांत ओळखणारी माणसं आहेत, त्यांचा कागद त्या फाईलमध्ये लागतो. बाकीचे मोर्चा काढायची तारीख ठरवत बसतात, तोवर फाईल बंद होते. म्हणून खरं काम काहीच घडत नसलेल्या वर्षांतलं असतं.

गोव्याचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं आहे, आणि जो भाग माझ्या आधीचा आहे तो मोठ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर आला. त्यांची भूमिका उघड होती : गोवा महाराष्ट्रात जावा, कोंकणी ही मराठीची बोली आहे. म्हणजे कोंकणीवाल्यांच्या दृष्टीनं मुक्तीनंतरचा पहिलाच राजकीय बदल उलटा पडला. विधानसभेत त्यांच्याकडे संख्या नव्हती. तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधातले नेते डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या सोबत्यांनी निकालाआधी पद्धतीवर भांडण उभं केलं. एवढा मोठा निर्णय आमदारांच्या ठरावानं होऊ नये, लोकांना थेट विचारा, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली. पुढची मागणी, कौलाच्या वेळी बांदोडकरांचं मंत्रिमंडळ सत्तेवर नसावं. तीही मान्य झाली, डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, संघप्रदेशाचं, म्हणजे गोवा वेगळा राहण्याचं, चिन्ह दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

संख्या कमी असली की निकालावर भांडू नये, निकाल कसा लावायचा यावर भांडावं, हे मी इथे शिकलो. नियम ठरवताना सभ्य मागणी नाकारणं सरकारला जड जातं.

याच काळातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगतो. विलीनीकरणाच्या विरोधातली सगळ्यात धारदार लेखणी मराठीत चालली. मडगावहून निघणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेलं सदर मराठीत होतं. कारण साधं आहे : घरी कोंकणी बोलणारा हिंदू गोवेकर वाचत होता मराठी. ज्याचं मत वळवायचं त्याला तो वाचतो त्या भाषेत गाठलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत गायक उल्हास बुयांव यांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसाई यांची कविता गेली, आणि ती अर्थात कोंकणीत. तुमचे काही मित्र म्हणत असतील की निवेदन कोरकूतच द्यायचं, मराठीत देणं म्हणजे शरणागती. तसं नाही. अमरावतीच्या अधिकाऱ्याशी मराठीत बोला, गावातल्या आजीशी कोरकूत. दोन्ही कामं भाषेचीच आहेत.

आता एक गैरसमज. १९६७ च्या कौलानं कोंकणी जिंकली असं सर्रास बोललं जातं. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्नच नव्हता. गोवा वेगळा राहिला, एवढंच ठरलं. कोंकणीला त्या दिवशी काहीही मिळालं नाही. शाळा मराठीच्या, कार्यालयं इंग्रजीची, आणि 'बोली' हा शिक्का तसाच. फरक एवढा पडला की पुढची वाट बंद झाली नाही. त्या वाटेवर पहिला ठोस टप्पा यायला आठ वर्षं लागली. २६ फेब्रुवारी १९७५ ला साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. तेव्हा अकादमीचे अध्यक्ष सुनीतिकुमार चटर्जी होते, स्वतः मोठे भाषाशास्त्रज्ञ. १९७७ साली रवींद्र केळेकरांच्या पुस्तकाला कोंकणीतला पहिला अकादमी पुरस्कार मिळाला.

ही मान्यता विधानसभेतून आली नाही हे लक्षात घ्या. गोव्यात सत्तेवर अजूनही मगो पक्षच होता, तिथे दार ठोठावून उपयोग नव्हता. म्हणून कोंकणीवाले राजकारणाच्या बाहेरच्या, तज्ज्ञांच्या दारात गेले. 'ही भाषा आहे की बोली' हा वाद आमदारांच्या हातून काढून विद्वानांच्या हाती दिला आणि तिथे तो जिंकला. पुढे दहा वर्षांनी जेव्हा राजकारणाचं दार किलकिलं झालं, तेव्हा 'बोली'चा मुद्दा निम्मा निकालात निघालेला होता.

त्या मधल्या वर्षांत काय चालायचं ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरी चपलांच्या खोक्यांत कागदाच्या पट्ट्या भरलेल्या असत. प्रत्येक पट्टीवर एक शब्द. पोस्टकार्डं उभी कापून पट्ट्या केलेल्या, त्यामुळे मागच्या बाजूला कुणाच्या तरी पत्राचं अर्धं वाक्य दिसायचं. रविवारी चार-पाच जण जमायचे. कुणी कोळणीकडून माशांची नावं आणलेली असत, कुणी माडी काढणाऱ्याकडून त्याच्या अवजारांची. एका शब्दाच्या लेखनावरून दुपार जायची. आम्हा मुलांना ते सगळं कंटाळवाणं वाटायचं. कायदा झाल्यावर जेव्हा सरकारी कागदासाठी शब्द लागले, तेव्हा लोक त्याच खोक्यांकडे आले.

असाच धडा बास्क लोकांचा आहे. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेला सार्वजनिक जागा नव्हती. तरी घरांतून, मग चर्चच्या आधारानं 'इकास्तोला' नावाच्या शाळा उभ्या राहत गेल्या. १९६८ साली, हुकूमशहा जिवंत असताना, भाषेचे जाणकार आरांत्साझुला जमले आणि विखुरलेल्या बोलींमधून एक प्रमाण लेखनपद्धती बांधायला घेतली. फ्रँको गेला नोव्हेंबर १९७५ मध्ये. १९७९ ला स्वायत्तता मिळाली, १९८२ ला भाषेचा कायदा आला. शाळा, शिक्षक आणि लेखनपद्धती आधीच तयार होती, म्हणून तो कायदा दुसऱ्या दिवसापासून वापरता आला.

गोव्याकडे परत येतो. जुलै १९८५ मध्ये आमदार लुईझिन फालेरो यांनी कोंकणी राजभाषा व्हावी म्हणून अशासकीय विधेयक आणलं. ते पुढे सरकलं नाही. त्यातून 'कोंकणी परजेचो आवाज' ही संघटना उभी राहिली. लेखक पुंडलीक नायक, भेंब्रे आणि राजकारणातली काही मंडळी एका छताखाली आली. मराठीचे समर्थकही रस्त्यावर होते आणि त्यांच्या भावनाही खऱ्या होत्या. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी देवळात, कीर्तनात, शाळेत मराठीच जपली त्यांना ती घरातून जातेय असं वाटत होतं. १९८६ च्या डिसेंबरात गोवा पेटला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. रस्त्यांवर माड आडवे पाडलेले, बस बंद, दूध नाही, संध्याकाळी कुणी घराबाहेर पडत नव्हतं. आमच्या वाड्यावर दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली, ती पुढे कितीतरी चतुर्थ्या तशीच राहिली. त्या आंदोलनात सात माणसांनी जीव गमावला. मी तरुण कार्यकर्त्यांना हा आकडा मुद्दाम सांगतो. आंदोलनाची भाषा सोपी असते, किंमत ज्यांनी दिली त्यांची घरं मी पाहिली आहेत.

४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेनं राजभाषा कायदा मंजूर केला. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं. हे दोन दिवस इतके जवळ का, ते बघा. दिल्लीत राजीव गांधींचं सरकार लहान प्रदेशांना राज्याचा दर्जा देत होतं. मिझोराम करार १९८६ चा, मिझोराम आणि अरुणाचल २० फेब्रुवारी १९८७ ला राज्यं झाली. गोव्याचाही दर्जा बदलायचा तर या राज्याची ओळख काय, भाषा कोणती, हा प्रश्न टाळता येत नव्हता. रस्त्यावरची माणसं गरजेची होतीच, पण ती ज्या वेळी रस्त्यावर आली ती वेळ दिल्लीच्या घड्याळाशी जुळली. १९७२ मध्ये तेच आंदोलन झालं असतं तर तेवढाच रक्तपात होऊन हाती काही आलं नसतं, असं माझं मत आहे.

आता आमची चूक सांगतो. ती नीट वाचा, कारण तुमच्यापुढे तोच खड्डा आहे.

कायद्यात कोंकणीची व्याख्या 'देवनागरी लिपीतली कोंकणी' अशी झाली. मराठीला सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी वापरण्याची मुभा मिळाली. रोमी, म्हणजे रोमन, लिपीचा उल्लेख नाही. आणि रोमी लिपी म्हणजे मूठभर लोकांची हौस नव्हती. शतकानुशतकांचं ख्रिस्ती वाङ्मय त्या लिपीत आहे, तियात्र हे कोंकणी संगीतनाटक त्या लिपीत लिहिलं जातं, 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक १९३३ पासून त्या लिपीत निघतं. १९८६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांत रोमी वाचणारे मोठ्या संख्येनं होते. माझ्या एका मित्राची आई त्या महिन्यात रोज मोर्चाला जायची. कायदा झाल्यावर काही महिन्यांनी तिच्या हातात कोंकणीतलं एक सरकारी पत्रक पडलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि मुलाला म्हणाली, 'म्हाका हें वाचूंक येना.' मला हे वाचता येत नाही. ज्या भाषेसाठी ती उन्हात उभी राहिली त्या भाषेतला पहिला सरकारी कागद तिला वाचता आला नाही. आज इतक्या वर्षांनीही ती जखम भरलेली नाही आणि कोंकणीच्या प्रत्येक व्यासपीठावर ती पुन्हा उघडते.

देवनागरी निवडण्यामागे कारणं होती, मीही देवनागरीतच लिहितो. पण दार उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून 'मुख्य लिपी ही, आणि दुसऱ्या लिपीला इतका मान' असं लिहून ठेवायला हवं होतं. ते वेळेत झालं नाही. कायद्याची एक खोड असते : तो पास झाला त्या दिवशी तुमच्यातला जो वाद मिटलेला नसतो तो तसाच गोठवून टाकतो. आसामातल्या बोडोंनी १९७४-७५ मध्ये रोमन लिपीसाठी आंदोलन केलं, त्यात माणसं मेली, शेवटी देवनागरी स्वीकारली. लिपीचा प्रश्न बाहेरच्यांनी सोडवला की तो असा सुटतो. कोरकूला स्वतःची जुनी लिपी नाही, त्यामुळे देवनागरी घ्यायची यावर तुमच्यात बहुधा मतभेद नसतील. पण मेळघाटातली कोरकू मराठीच्या सवयीनं लिहायची की मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडव्यासारखी हिंदीच्या सवयीनं? जे ध्वनी मराठीत नाहीत ते कसे दाखवायचे? कोणत्या गावाची बोली पाठ्यपुस्तकात घ्यायची? हे आत्ता, कुणी विचारत नसताना ठरवा.

आठव्या अनुसूचीबद्दल. कोंकणी तिथे पोचली ऑगस्ट १९९२ मध्ये, ७१ व्या घटनादुरुस्तीनं, आणि एकटी नाही पोचली. मणिपुरी आणि नेपाळी सोबत होत्या. नेपाळीसाठी सिक्कीमच्या खासदार दिलकुमारी भंडारी संसदेत झगडत होत्या, मणिपुरीची मागणी वेगळी चालली होती. केंद्रात नरसिंह रावांचं अल्पमतातलं सरकार होतं आणि घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सगळ्या पक्षांची सहमती हवी. एकेकट्या भाषेसाठी ती जमवणं कठीण, तिघींसाठी मिळून जमली.

त्याहून बोलकं उदाहरण २००३ चं आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये बोडो करार झाला. त्यातल्या वचनाप्रमाणे बोडोला आठव्या अनुसूचीत घ्यायचं म्हणून सरकारनं विधेयक आणलं, आणि ते मुळात एकट्या बोडोसाठी होतं. संथाळी, मैथिली आणि डोगरीचे पाठीराखे जागे होते. दार बोडोंसाठी उघडतंय म्हटल्यावर ते आपापली फाईल घेऊन तिथे उभे राहिले. डिसेंबरमध्ये ९२ वी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा चारही भाषा आत होत्या. आता संथाळीच्या फाईलमध्ये काय होतं ते बघा. मयूरभंजच्या पंडित रघुनाथ मुर्मूंनी १९२५ साली ओलचिकी लिपी तयार केली होती. गावोगाव हिंडून शिकवली होती, तिच्यात नाटकं आणि शाळेची पुस्तकं लिहिली होती. १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं त्या लिपीला मान्यता दिली. १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड राज्य झालं आणि संथाळी बोलणाऱ्यांच्या मतांना नवं वजन आलं. दार उघडं होतं काही महिने, तयारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

तुमची कोरकू आणि संथाळी एकाच मुंडा भाषाकुळातल्या आहेत, मराठीच्या कुळाहून ते वेगळं. 'खाणे' याला तुम्ही 'जोम' म्हणता, झारखंडातल्या दुमक्याची संथाळ आजीही 'जोम' म्हणते. मेळघाट हे त्या कुळाचं पश्चिमेकडचं टोक. हे तुमच्या निवेदनात पहिल्या पानावर हवं, कारण 'ही मराठीचीच एखादी बोली असेल' असं अनेक अधिकाऱ्यांना मनापासून वाटतं. दोन-चार शब्द शेजारी मांडले की ते वाटणं जातं. मी हे प्रत्यक्ष केलंय. एका अधिकाऱ्यांसमोर मराठी, कोरकू आणि संथाळी अशा तीन रकान्यांचा एकच कागद ठेवला, आणि अर्ध्या तासाचं भाषण करायची गरज उरली नाही.

मग आठव्या अनुसूचीसाठी आंदोलन करावं का? माझं उत्तर : आत्ता नाही. संख्या कमी आहे म्हणून नव्हे. २०११ च्या जनगणनेत कोंकणी बोलणारे साडेबावीस लाख होते, कोरकू बोलणारे सव्वासात लाख. पण भिली-भिलोडी या नावाखाली एक कोटी चार लाख लोक मोजले गेले, गोंडी जवळपास तीस लाख, आणि या दोन्ही आजही अनुसूचीबाहेर आहेत. डोगरी आणि बोडो त्यांच्यापेक्षा लहान असून आत आहेत. भिली राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र अशी चार राज्यांत वाटली गेली आहे, गोंडी त्याहून अधिक. कोणत्याही एका विधानसभेला ती भाषा आपली वाटत नाही.

ही वाटणी कुठून आली हेही आपण मराठी माणसांनी प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठी भाषकांचं ते मोठं आणि न्याय्य स्वप्न होतं. पण मराठी आणि हिंदीच्या मध्ये जी रेघ ओढली गेली ती कोरकूंच्या वस्तीतून गेली. सातपुड्याच्या एका उतारावरची कोरकू मुलं मराठी शाळेत गेली, दुसऱ्या उतारावरची हिंदी शाळेत. एकाचा राजकीय विजय दुसऱ्या भाषेची फाळणी करतो, आणि जिंकणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून मेळघाटापुरती संघटना करू नका. सीमेपलीकडच्या कोरकू शिक्षकांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

आत्ता कोणती दारं उघडी आहेत ते सांगतो. सगळ्यात जवळचं दार जनगणनेचं. जाहीर झाल्याप्रमाणे फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकसंख्येची मोजणी आहे आणि त्यात मातृभाषा विचारली जाते. जनगणनेच्या नियमात मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत तुमच्याशी बोलायची ती. हे फार कमी लोकांना माहीत असतं. मुलगा मराठी शाळेत शिकतो म्हणून बाप 'मराठी' सांगून मोकळा होतो. प्रगणक घाईत असतो, तो स्वतःच 'मराठी' किंवा 'हिंदी' धरून चालतो. लमाणी बोलणारे बत्तीस लाखांहून अधिक लोक २०११ च्या तक्त्यात हिंदीच्या पोटात मोजलेले आहेत, हे लक्षात ठेवा. नाव कसं सांगायचं हेही ठरवा. आमच्या गावची बोली, आदिवासी भाषा, जातीचं नाव, असं दहा तऱ्हांनी सांगितलं की आकडे फुटतात. दहा हजारांच्या खाली गेलेल्या भाषेचं नावच तक्त्यात येत नाही. बुलढाण्यात तुमच्या शेजारी निहाली बोलणारे लोक आहेत. जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषाकुळात न बसणारी ती भाषा सरकारी यादीत दिसत नाही, ती याच कारणानं. आठवडी बाजारात, पाड्यावर, लग्नात एकच वाक्य पोचवा : भाषा विचारली की 'कोरकू' म्हणायचं आणि तेच लिहिलं का ते बघायचं. याला पैसा लागत नाही, परवानगीही लागत नाही.

दुसरं दार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० कचं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात, अशी जबाबदारी तिथे राज्यावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. त्यासाठी भाषा आठव्या अनुसूचीत असावी लागत नाही. तुमची जिल्हा परिषद हे स्थानिक प्राधिकरणच आहे. अनेक वर्षं चालत आलेला निकष शाळेत त्या भाषेची ४० किंवा वर्गात १० मुलं असा आहे. तुमच्या किती वर्गांत दहापेक्षा जास्त कोरकू मुलं आहेत? गावनिहाय तक्ता करा, मुख्याध्यापकांची सही घ्या. 'आमच्यावर अन्याय होतो' या वाक्यापेक्षा तो तक्ता जास्त काम करतो.

तिसरं, धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणून तिथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू होतो. लोकांच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत कोरकूचा वापर व्हावा असा ठराव वीस ग्रामसभांनी केला, तर पुढच्या वेळी मंत्री बदलतील, सचिव बदलतील, ठराव राहतील. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही मातृभाषेवर भर आहे. त्यातली वाक्यं ठरावात उद्धृत करा, म्हणजे अधिकाऱ्याला फाईलवर अनुकूल शेरा लिहायला आधार मिळतो. बहुतेक अधिकारी भाषेचे वैरी नसतात, त्यांना शेऱ्यासाठी आधार हवा असतो.

पक्षांविषयी तुम्ही थेट विचारलं नाही, पण ते विचारायला हवं होतं. संघटनेवर एका पक्षाचा झेंडा लावू नका. तुमच्यातला कुणी निवडणूक लढवणार असेल तर लढवू दे, त्यानं संघटनेचं पद सोडावं. सत्तेतल्या आमदाराला निवेदन द्याल त्याच दिवशी हरलेल्या उमेदवारालाही द्या, आणि पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली प्रत सांभाळणं ही या कामातली अर्धी शिस्त आहे. पाच वर्षांनी तो हरलेला उमेदवार मंत्री होतो आणि तुमची जुनी पोच दाखवली की त्याला नाही म्हणता येत नाही.

आणि कायदा हाती आला म्हणजे काम संपलं असं समजू नका. कोंकणी राजभाषा झाल्यावर काही दिवसांनी मी एका सरकारी कार्यालयात कोंकणीत अर्ज दिला. तो आठवड्यानं परत आला. वर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'इंग्रजीत द्यावा.' कारकुनाचा दोष नव्हता. त्याला कोंकणीत टिपण लिहायला कुणी शिकवलं नव्हतं, छापील नमुने नव्हते, टंकलेखन यंत्र नव्हतं. आम्ही विजय साजरा करत होतो आणि त्या टेबलापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

शाळांचंही तेच. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक अनुदान कोंकणी-मराठी माध्यमाला देण्याचं धोरण आलं आणि चर्चच्या कितीतरी शाळा कोंकणीकडे वळल्या. २०११ मध्ये दुसऱ्या सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं, कारण पालकांनाच ते हवं होतं. त्या वेळी या निर्णयाच्या विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर काकोडकर आणि भेंब्रे एकत्र उभे होते. बांदोडकरांची मुलगी आणि 'ब्रह्मास्त्र'चा लेखक. १९६७ मध्ये जी दोन टोकं होती ती चव्वेचाळीस वर्षांनी एका मंचावर आली. त्या सभेत मी मागच्या रांगेत होतो. शेजारी बसलेले एक वयस्कर मराठी शिक्षक हळूच म्हणाले, 'आधी आलो असतो तर बरं झालं असतं.' मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी धरला.

तुम्हाला इतकी वर्षं थांबायची गरज नाही. तुमच्या शाळेतल्या मराठी सहकाऱ्यांना आत्ताच सोबत घ्या. आधी कोरकूत वाचायला शिकलेलं मूल तिसरीत मराठी अधिक चांगलं वाचतं, हे ते वर्गात स्वतः बघू शकतात, आणि मग ते तुमच्या बाजूनं बोलतील. लेखनपद्धतीच्या बैठकीची तारीख पावसाळ्याआधीची धरा, नाहीतर बैतूलकडच्या लोकांना घाट उतरून येणं जमणार नाही. बैठकीत कोरकू, मराठी आणि हिंदी असे तीन रकाने आखलेली वही मध्ये ठेवा आणि घरातल्या वस्तूंच्या शंभर शब्दांपासून सुरुवात करा. ज्या शब्दावर वाद होईल त्याच्यापुढे दोन्ही रूपं लिहा, खोडू काहीच नका.

वहीची पहिली पानं भरली की मला पाठवा. मी वाचून टिपणं लिहून परत पाठवीन.